पडद्यावरचं पाणी

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. माझ्या बिजागरीला चिकटपट्टी लावलेली आहे, आणि मी सुरू झालो की पंखा असा घरघरतो की शेजारचे विचारतात, "गिरणी घातलीत की काय?" पण डोकं अजून शाबूत आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी कसा चकचकीत होतो! लाँड्रीवाल्या काकूंच्या लेकीनं मला हौसेनं घेतलं. तिचं सगळं कॉलेज माझ्यावर पार पडलं. "हा होता म्हणून मी पास झाले," असं ती सांगायची आणि मी फुगून जायचो. पुढे तिला परगावी नोकरी लागली, नवा लॅपटॉप मिळाला, आणि माझी रवानगी लाँड्रीतल्या कपाटावर झाली. गिऱ्हाइकांनी न नेलेल्या पँटी डोक्यावर घेऊन मी पडून राहिलो. फार वाईट वाटायचं हो!

एके दिवशी काकूंनी मला खाली काढून पुसलं. त्यांचा चेहरा उतरला होता. इमारतीच्या मालकांनी बजावलं होतं, "पुढच्या महिन्यापासून लाँड्रीला निम्मंच पाणी. भागत असेल तर भागवा, नाहीतर गाळा रिकामा करा." काकू आणि काकांचं सारं आयुष्य त्या गाळ्यात गेलं होतं. शेवटी लेकीनं फोनवर एक ऑनलाइन कार्यशाळा सुचवली. वापरलेलं पाणी पुन्हा कसं वापरायचं, ते थेंबही न सांडता आधी पडद्यावर खेळवून बघायचं. त्याला सिम्युलेशन म्हणतात.

"पडद्यावर पाणी?" काका हसले. "मग कपडेही पडद्यावरच वाळत घाल!"

काकूंनी लक्ष दिलं नाही. इस्त्रीच्या टेबलावर मला मांडून त्या रोज दुपारी शिकायला बसत. पडद्यावर शिकवणाऱ्या बाई दिसायच्या. काकूंनी माझ्यात टाक्या काढल्या, नळ्या जोडल्या, साबण किती, मळ किती ते भरलं. कपडे शेवटच्या वेळी खळबळलेलं पाणी गाळून टाकीत साठवायचं आणि पुढच्या धुण्याला घ्यायचं, असा बेत होता. मी जीव तोडून हिशेब केला आणि उत्तर दिलं: निम्म्या पाण्यात भागतं! काकूंनी मला चक्क थोपटलं. इतक्या वर्षांनी कुणाचा हात पाठीवरून फिरला, मित्रांनो!

मग त्यांनी खरी टाकी बसवली. दुसऱ्या दिवशी सकाळी लॉजच्या पांढऱ्या चादरी मशीनमधून निघाल्या त्या गुलाबी!

"वा!" काका म्हणाले. "आता लॉजवाल्यानं फक्त नव्या जोडप्यांनाच खोल्या द्याव्यात."

काकूंना हसावं की रडावं कळेना. दुपारी त्यांनी बाईंना सगळं सांगितलं. बाईंनी विचारलं, "कपड्यांचा रंग जातो, हे मॉडेलमध्ये घातलं होतं का?"

"अहो, आम्ही पांढरे कपडे आधी धुतो, रंगीत नंतर. हे काय सांगायचं असतं?"

"माणसाला नाही. याला सांगावं लागतं. रात्रभर टाकीत रंगीत कपड्यांचं पाणी होतं, आणि सकाळी पहिला मान पांढऱ्यांचा!"

काकूंनी कपाळावर हात मारला. मग पदर खोचून त्यांनी माझ्या पडद्यावर दुसरी टाकी काढली. पांढऱ्यांचं पाणी पांढऱ्यांना, उरलेलं रंगीत कपड्यांना, आणि रंगीत पाणी इमारतीचे जिने धुवायला. मी पुन्हा घरघरलो, तापलो, मध्येच अडकलोही. "चल रे राजा," काकू म्हणाल्या. राजा म्हटल्यावर कोण थांबेल? उत्तर निम्म्याच्या आतच आलं.

दुसरी टाकी खरोखर बसली आणि चादरी पुन्हा पांढऱ्या निघू लागल्या. महिना संपायच्या आत मालक बघायला आले. त्यांनी चादर उलटीपालटी केली, वास घेतला, पण शंका जाईना. "ही तुम्ही ताज्या पाण्यात धुतली असेल."

"मग तुमचा शर्ट काढा," काकू म्हणाल्या.

काकांना ठसकाच लागला. मालक मात्र इरेला पेटले. अंगातला पांढरा शर्ट काढून दिला आणि बनियनवर मशीनसमोर स्टूल टाकून बसले. टाकीतलं पाणी त्यांच्या डोळ्यांदेखत मशीनमध्ये गेलं. शर्ट निघाला, वाळला, त्याला इस्त्री झाली. तो अंगात घालून मालक आरशासमोर उभे राहिले. कॉलर तपासली, बाह्या तपासल्या.

"गाळा राहू द्या," ते म्हणाले. "आणि वरच्या मजल्यांसाठीही असं काही करता येईल का?"

काकू बोलायच्या आधीच काका छाती फुगवून म्हणाले, "न करता यायला काय झालं? आमच्या हिनं कार्यशाळा केलीय!" काकू डोळे पुसत खळखळून हसल्या, आणि मालकही हसले.

मित्रांनो, वापरलेलं पाणी ओतण्याआधी एकदा विचार करा, हे अजून कुणाच्या उपयोगी पडेल? आणि जुनं यंत्र भंगारात देण्याआधी त्यालाही एकदा विचारा. आम्ही म्हातारे सहसा नाही म्हणत नाही.