थोरल्या भाऊजींकडची डिस्क

आमची युनशी जन्मली तेव्हा तिला ऐकू येत नव्हतं. हे आम्हाला कळायलाच वर्ष गेलं. मग ऑपरेशन झालं, कानामागे यंत्र बसलं, आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता हिला ऐकू येईल, पण बोलायला तुम्हाला शिकवावं लागेल. त्यातलं 'तुम्हाला' माझ्या नवऱ्याने, रुईमिंगने, एकट्याच्या अंगावर घेतलं.

तौछंग या आमच्या गावात स्टेशनसमोर त्याचं चष्म्याचं दुकान आहे आणि त्याच गल्लीत माझं न्याहारीचं. मी पहाटे उठून पीठ मळणार, म्हणजे संध्याकाळी मी डुलक्या घेणार. त्यामुळे संध्याकाळचा अभ्यास त्याच्याकडे. चष्म्यांच्या डब्यांची उतरंड करून तो वर छोटा कॅमेरा ठेवायचा आणि समोर युनशीला घेऊन बसायचा. गेल्या महिन्यात हा शब्द कसा म्हणाली होती आणि आता कसा म्हणते, हे पडताळून बघायचं म्हणून सगळं चित्रित करून ठेवायचा. आमच्या भाषेत सूर जरा हलला की शब्दच बदलतो. त्यामुळे कितीतरी महिने मी तिची आई नव्हतेच, घोडा होते. ती मला हाक मारायला जायची आणि तोंडातून 'घोडा' निघायचं. तसं झालं की रुईमिंग दोन्ही हात जमिनीला टेकून घोडा व्हायचा, ती त्याच्या पाठीवर बसायची, आणि एक फेरी मारून झाली की परत अभ्यास सुरू. पुढे तर मला संशय यायला लागला की बाईसाहेब मुद्दाम चुकतायत.

असं सगळं त्या कॉम्प्युटरमध्ये साठत गेलं. एकदा तो कॉम्प्युटर सुरूच होईना. दुरुस्त होऊन येईपर्यंत रुईमिंगला जेवण गेलं नाही. त्यानंतर मात्र नवरा बदलला. आमच्याकडची हवा अशी, की कपाटातल्या बुटांना बुरशी येते. म्हणून फोटोग्राफर लोक वापरतात तसं हवा कोरडी ठेवणारं विजेचं कपाट त्याने आणलं. त्यात सगळ्याची नक्कल असलेली एक डिस्क. मी त्यात वाळवलेल्या अळंब्या ठेवायला गेले तर मला अडवलं. कॉम्प्युटरवर हिरव्या पाकिटातला मक्याचा खाऊ; त्याच्या नावाचा अर्थच 'शहाणा', म्हणून यंत्राने शहाण्यासारखं वागावं यासाठी आमच्याकडे सगळेच ठेवतात तसा. खाऊची तारीख उलटायच्या आत पाकीट बदलायचं काम मात्र माझं.

तेवढ्यानेही त्याचं समाधान होईना. एका छपराखाली दोन नकला म्हणजे एकच नक्कल, असं त्याचं म्हणणं. वादळात छप्परच गेलं तर? म्हणून तिसरी डिस्क सानशिंग गावी, त्याच्या थोरल्या भावाकडे. भाऊजी पातीच्या कांद्याची शेती करतात. दर नववर्षाला आम्ही जेवायला जायचो, तेव्हा नवी डिस्क द्यायची आणि जुनी परत आणायची. भाऊजी हसायचे, पण घ्यायचे.

युनशी दहा वर्षांची असताना, अशाच एका जेवणात ते झालं. रुईमिंगने सगळ्यांसमोर तिला एक वाक्य म्हणायला लावलं. ती अडखळली. त्याने परत म्हणायला लावलं. ती परत अडखळली आणि तिचे डोळे भरून आले. भाऊजींनी चॉपस्टिक खाली ठेवल्या आणि म्हणाले, "पोरीला पोर राहू दे, रुईमिंग. तिचा पोपट करू नकोस."

रुईमिंग उठला, आमचे कोट घेऊन आला, आणि आम्ही निघालो. त्या वर्षी दिलेली डिस्क तिकडेच राहिली. त्यानंतर दोघा भावांचं बोलणं नाही. मी आणि जाऊबाई बाजारात भेटलो तर बोलायचो, कांद्याची जुडी माझ्या पिशवीत यायची, पण ती कुठून आली हे घरी कुणी विचारायचं नाही.

युनशी मोठी झाली. बोलायला लागली, उलट बोलायला लागली. पाहुण्यांना आपले जुने व्हिडिओ दाखवलेले तिला खपत नसत. मी बदकासारखी ओरडते त्यात, म्हणायची. मग ती लांब तायनानला मातीची भांडी बनवायला शिकायला गेली आणि आम्ही दोघंच उरलो.

या वसंतात रुईमिंगने नवा कॉम्प्युटर घेतला. जुन्यातलं नव्यात न्यायचं होतं. एकीकडे जे असेल ते दुसरीकडे हुबेहूब करणारा एक प्रोग्राम तो गेली कित्येक वर्षं वापरत होता. त्या दिवशी त्याने कुठून कुठे हे सांगताना बाजू उलटी निवडली. नवा फोल्डर रिकामा होता. प्रोग्रामने सांगितल्याप्रमाणे जुनाही रिकामा केला, आणि कपाटातली डिस्क त्याच वेळी जोडलेली होती, तीही. मी दुकान आवरून आले तेव्हा तो खुर्चीत बसला होता. हात मांडीवर. मी विचारलं, झालं का काम?

"झालं," तो म्हणाला. "सगळीकडे सारखंच झालं."

तायपेईला हरवलेलं परत काढून देणारे लोक असतात. तिकडे तो दोन्ही घेऊन गेला. तिथल्या मुलाने फार चांगल्या शब्दांत सांगितलं म्हणे, की या नव्या पद्धतीच्या डिस्क पुसलेलं स्वतःच साफ करून टाकतात, आत शोधायला काही उरत नाही. इंटरनेटवर त्याने कधी काही ठेवलंच नव्हतं. मुलीचा आवाज परक्याच्या घरात कशाला, असं त्याचं म्हणणं होतं.

तो दुकानात जात होता, लोकांचे डोळे तपासत होता. पण घरी आला की त्या कोरड्या कपाटासमोर जाऊन उभा राहायचा. एकदा भात खाता खाता म्हणाला, "इतकी काळजी घेतली नसती, तर बरं झालं असतं. जुनाट कॉम्प्युटरमध्ये नुसतं पडून राहिलं असतं." मी भाऊजींकडच्या डिस्कचं नाव काढलं. तो म्हणाला, नऊ वर्षं झाली, फेकली असेल. नसेल फेकली तरी मेली असेल. आणि कुठल्या तोंडाने मागू? त्यानंतर हा विषय काढायचा नाही, असं त्याने मला बजावलं.

मी विषय काढला नाही. युनशीला फोन केला.

ती शनिवारी आली. बापाच्या शेजारी जाऊन बसली आणि म्हणाली, की आई सांगत होती. त्याने माझ्याकडे बघितलं. मी भांडी विसळायला घेतली.

"बाबा, माझाच आवाज आहे ना," ती म्हणाली. "मी आहे की इथे. हवं तेवढं बोलते."

"तुझ्याजवळ आत्ताचा आहे," तो म्हणाला. "तेव्हाचा नाही. तेव्हाचा तुला आठवतही नाही. तो फक्त माझ्याजवळ होता."

ती बापाच्या बाहीला लागलेला कसलातरी धागा काढत राहिली. मग उठून माझ्याकडे आली, आणि हळूच नव्हे, चांगलं मोठ्याने म्हणाली, की स्कूटरची किल्ली दे, काकांकडे जाऊन येते, आणि रस्ता नीट आठवत नाही तर तूही चल. तो नको म्हणाला नाही.

आम्ही पोचलो तेव्हा भाऊजी अंगणात कांद्याच्या जुड्या धूत होते. त्यांनी युनशीला आधी ओळखलंच नाही. ओळखल्यावर ओले हात पँटला पुसत नुसते उभे राहिले. जाऊबाई बाहेर आल्या, त्यांनी तिचे गाल धरले, कांद्याच्या पोळ्या तव्यावर पडल्या, चहा आला. कामाचं कुणीच काढेना. शेवटी युनशीने सरळ विचारलं, काका, बाबांनी ठेवायला दिलेली डिस्क तुमच्याकडे आहे का? आमच्याकडचं सगळं गेलं.

भाऊजी आत गेले. बराच वेळ आले नाहीत. आले ते हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन. आत जाऊबाईंच्या जुन्या शालीत गुंडाळलेली डिस्क. भोवती खाऊच्या डब्यांत येतात त्या ओल शोषणाऱ्या पुड्या, मूठभर.

"चालते का हो?" मी विचारलं.

"चालते म्हणजे काय," जाऊबाई म्हणाल्या. "दर नववर्षाला लावून बसतात. रुईमिंगने सांगितलं होतं म्हणे, नुसती ठेवली तर मरते, वर्षातून एकदा चालू कर. चालू करायची तर पाच मिनिटं करावी ना. हे दिवसभर बघतात. जेवायला हाका मारून मी दमते."

भाऊजी कानापर्यंत लाल झाले. अंगणाकडे बघत म्हणाले, "मला वाटायचं, तो तुला रोज रडवतो. बघितलं तर तोच आपला घोडा होऊन फिरतोय. पहिल्याच वर्षी बघितलं मी हे." थोड्या वेळाने म्हणाले, "मग सांगायला जायचं राहिलं. एक वर्ष राहिलं, की दुसऱ्या वर्षी आणखी अवघड होतं."

युनशीने डबा हातात घेतला, झाकण लावलं आणि त्यांनाच परत दिला. "तुम्हीच द्या बाबांना," म्हणाली. "माझ्याकडून स्कूटरवर पडलीबिडली तर?"

भाऊजी त्यांच्या मालाच्या गाडीतून आमच्या मागे आले. इतक्या हळू, की मागच्या गाड्या हॉर्न देत होत्या. डबा शेजारच्या सीटवर, पट्टा लावून.

रुईमिंग दारात होता. स्कूटरमागे ती गाडी दिसली तसा दोन पायऱ्या उतरला आणि थांबला. भाऊजींनी डबा पुढे केला. रुईमिंगने दोन्ही हातांनी घेतला.

"दादा," तो म्हणाला. "ये ना आत."

डिस्क लावली. ती आधी कुरकुरली, मग दिवा लागला, आणि फोल्डरांची रांग पडद्यावर आली. रुईमिंगने चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि तळव्यांनी डोळे दाबून बसला. भाऊजींनी त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही, तसं आमच्यात करत नाहीत. त्यांनी तो चष्मा उचलला, शर्टाच्या टोकाने पुसला आणि परत ठेवला. इतक्या वर्षांनी चष्मेवाल्याचा चष्मा कुणीतरी पुसला, तोही शेतातल्या शर्टाने. एरवी रुईमिंगने भाषण दिलं असतं. त्या दिवशी त्याने तसाच, चरे पडलेला, घातला.

आता नव्या डिस्कवर नक्कल सुरू करायची होती. रुईमिंगचा हात बटणावर गेला आणि थबकला. कुठून आणि कुठे, त्याने तीन वेळा वाचलं. "दादा, तूही वाच," म्हणाला. भाऊजींनी मोठ्याने वाचलं. युनशीने वाचलं. मलाही वाचायला लावलं. मग त्याने बटण दाबलं.

जुनी डिस्क, तिचा वेग बेताचा. पडद्यावर आलं, अजून बरेच तास लागतील. रुईमिंग ओशाळून म्हणाला, तुला उशीर होईल, ठेवून जा, मी आणून देतो.

"ठेवून कशी जाऊ?" भाऊजी म्हणाले. "माझी आहे ती. तू नक्कल करून घे. मूळ मी घेऊन जाणार."

"तुझी?"

"नऊ वर्षं सांभाळली मी. तू काय केलंस ते बघितलं आम्ही."

एक क्षण मला वाटलं, पुन्हा बिघडतंय. पण रुईमिंग हसायला लागला. हसता हसता त्याला ठसका लागला, युनशीने पाणी दिलं, आणि मग सगळेच हसलो.

नक्कल होईपर्यंत दोघं त्या एका खोलीत अडकले. आधी कांद्याचा भाव, मग गुडघे, मग वारलेल्या मामांची गोष्ट. मी माशाचं सूप केलं. डिस्कवर होतं त्याच्या पुढचं सगळं गेलं ते गेलंच, त्या नववर्षाच्या जेवणानंतरची नऊ वर्षं. शाळेच्या समारंभात युनशी माइकसमोर बोलली होती, ते नाही. माझ्या आईसोबतचं शेवटचं नववर्ष नाही. रुईमिंगने ते एक एक करून आठवलं आणि भाऊजींनी मध्ये न बोलता ऐकून घेतलं. त्यातलं थोडंफार कुणाकुणाच्या फोनमध्ये सापडेल, थोडं नाही सापडणार.

युनशी इतका वेळ लांबच होती. आलेल्या फाइली उघडतायत का हे बघायला रुईमिंगने एक लावली, तेव्हा ती दाराला टेकून उभी राहिली. पडद्यावर ती सहा वर्षांची, समोरचे दात पडलेली, 'पाऊस' म्हणायचा प्रयत्न करत होती. मला वाटलं, आता ही चिडून बंद करायला लावणार. ती जवळ आली. केस बाजूला करून कानामागच्या यंत्राचा आवाज जरा मोठा केला आणि बापाच्या खुर्चीच्या हातावर बसली.

"फारच वाईट म्हणतेय मी," ती म्हणाली.

"नाही गं," भाऊजी म्हणाले. "हे तिसऱ्या प्रयत्नातलं. पुढच्यात बरोबर येतं. थांब, बघ."

आम्ही चौघं पडद्यावरच्या त्या पोरीच्या तोंडाकडे बघत बसलो.