सांगलीची स्वच्छ हवा

खाडीच्या पाण्यात आणि हवेत पारा किती, हे शोधण्यात ज्ञानदानं दोन वर्षं घातली होती. किनाऱ्यावरच्या तिच्या भाड्याच्या खोलीतला आकडा सगळ्यात वाईट निघाला, आणि त्याच्याच जोरावर तिनं पलीकडच्या कारखान्याच्या साहेबांना भर सभेत फाडून खाल्लं होतं. आता अहवालात तुलनेला फक्त स्वच्छ हवेचा नमुना हवा होता. तो घरचा, सांगलीचा. इथं ना समुद्र, ना तसला कारखाना.

एप्रिल शहाण्णवच्या त्या सकाळी गच्चीवर पारा मोजायच्या यंत्राचा काटा ढिम्म होता. स्वयंपाकघरात तो हलला, आणि तांदळाच्या कोठीपाशी तर किनाऱ्यावरच्या खोलीतल्या आकड्याच्या निम्म्यावर पोचला.

"बिघडलं वाटतं मेलं," ज्ञानदा चिडली. तरीही झाकण काढून तिनं तांदळात हात खुपसला. एक पुरचुंडी हाताला लागली. सोडून बघितली, तर आत चार चंदेरी टिकड्या.

"आई, हे काय आहे?"

"पारद टिकड्या गं. धान्याला कीड लागत नाही," विनोदिनीबाई डाळ निवडत म्हणाल्या. "तुझ्या आजीच्या वेळेपासून टाकतोय."

पुरचुंडी ज्ञानदाच्या तळहातावर तशीच राहिली. तिच्या खोलीत टेबल नव्हतं. दोन वर्षं ती यंत्र आईनं भरून दिलेल्या तांदळाच्या डब्यावर ठेवत आली होती.

"आई... माझ्या डब्यात?"

"तुझ्यात आठ टाकते," आई मायेनं म्हणाली. "समुद्राकडच्या हवेचं काही खरं नाही, बाई."