मावशीच्या खोलीचा पत्ता

वय: ३४. पुरुष. कारखान्यात नोकरी.

नाव नव्हतं. डॉक्टर राजसीकडे येणाऱ्या यादीत पेशंटांची नावं नसतातच. पत्ते मात्र असतात, कारण त्यांच्यावरूनच ती नकाशा करते. क्षयरोग कुठे साठतोय हे दाखवणारा नकाशा. त्या नकाशाने तिला नाव दिलं, संस्थेत खुर्ची दिली. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर मिळून दोनशे बारा पेशंट, आणि त्यातले निम्मे ठिपके उल्हासनगरच्या एकट्या कॅम्प एकमध्ये, एकमेकांवर चढलेले. त्या जोरावर एक्स-रेची गाडी दोन वर्षं कॅम्प एकमध्ये उभी होती. गाडीला पेशंट सापडेनात. ‘लोक तपासणीला येत नाहीत’ असं राजसीने अहवालात लिहून टाकलं होतं. आता गुरुवारच्या बैठकीत तीच गाडी तिथेच आणखी तीन वर्षं ठेवायचं ठरणार होतं.

सोमवारी ती यादी शेवटचं एकदा चाळत होती.

पत्ता:

तिच्या आईच्या कॅम्प एकमधल्या खोलीचा. जिथे ती लहानाची मोठी झाली आणि जिथे आता आई एकटीच राहते.

तिने लगेच फोन लावला. “आई, आपल्याकडे टीबी कोणाला झालाय?”

“कोणाला नाही.”

“आई.”

“अगं, धम्मदीपला.” म्हणजे राजसीचा मावसभाऊ. “मीच म्हटलं त्याला, आपला पत्ता दे. बदलापूरला, बेलवलीत नवीन बिल्डिंगमध्ये गेलेत. सगळ्यांनी आडनाव विचारून घेतलंय आधीच. त्यात दारात टीबीच्या दवाखान्याची बाई चौकशीला उभी राहिली तर झालंच. गोळ्या इथूनच नेतो.”

“आणि ती बाई तुझ्याकडे आली तेव्हा?”

“कामावर गेलाय म्हटलं. चहा पिऊन गेली. चांगली आहे बिचारी.”

“आणखी कोणी दिलाय असा पत्ता?”

“जनूच्या जावयाने दिलाय. गंगूच्या सुनेने. तो कोपऱ्यावरचा...” आई थांबली. “तरणी माणसं सगळी बदलापूरला गेली गं. आम्ही म्हातारी एवढंही करू नये?”

घरातील इतर माणसे: एक (वृद्ध स्त्री).

खरी माणसं बेलवलीत होती. धम्मदीपची बायको किर्ती आणि साडेचार वर्षांची चिमी. पेशंटच्या घरातलं लहान मूल आधी तपासायचं, हा पहिला नियम. पण चिमी कागदावरच नव्हती.

गृहभेट: झाली.

(ही नोंद जुनी. खरी भेट मंगळवारी सकाळी झाली.)

“गाडी घेऊन नाही ना आलीस, ताई?” धम्मदीपने दार अर्धंच उघडलं.

“रिक्षाने आले.”

“माझा कोर्स संपत आलाय. कशाला उकरतेस आता? इथे येऊन अडीच वर्षं झाली, दारावर अजून नावाची पाटी नाही लावली आम्ही.”

चिमी पलंगावर बसली होती. फ्रॉक खांद्यावरून घसरत होता.

“तीन आठवडे झाले, संध्याकाळी ताप भरतो,” किर्ती म्हणाली. “जेवतच नाही.”

“हिलाही कॅम्पातच दाखवू,” धम्मदीप घाईने म्हणाला. “मावशीचा पत्ता टाकू.”

तेही चाललं असतं. पोरीला औषध मिळालं असतं, धम्मदीपची झाकली मूठ राहिली असती, राजसीचा नकाशा राहिला असता. फक्त बेलवलीतली बाकीची पोरं कागदावर आलीच नसती. राजसीला ते पटत आलं होतं, याची तिला लाज वाटली. मग गॅलरीत जाऊन तिने संस्थेच्या प्रमुख सरांना फोन लावला.

“सर, नकाशा चुकलाय. मी एका पेशंटच्या घरी आलेय, कागदावरचा पत्ता भलताच आहे. गुरुवारी मी तो मागे घेणार आहे.”

“एका घरावरून?”

“बाकीच्या घरांत मी गेलेच नाही, सर. कागदावरून ठिपके मारत बसले.”

“पाच वर्षांचं काम आहे, राजसी. वेड लागलंय का? तुझी खुर्ची...”

“माहितीये, सर.”

फोन ठेवून ती आत आली आणि म्हणाली, चिमीला आत्ताच तपासून घेऊ.

पेशंटचे सहकार्य:

शेरा:

जिन्यात समोरच्या राजाबाई नातवाला घेऊन उभ्या होत्या. “काय गं किर्ती, सगळे कुठे निघालात?”

“फिरायला,” धम्मदीप म्हणाला.

चिमी खोकली. किर्तीने तिला कडेवर नीट घेतलं.

“टीबीची तपासणी करायला,” ती म्हणाली. “इथल्याच दवाखान्यात.”

राजाबाईंनी नातवाला आत ओढलं. दार लागलं, मग कडी सरकली.

“झालं समाधान?” धम्मदीपने राजसीला विचारलं.

किर्ती दोन पायऱ्या पुढे गेली होती. “चला,” ती मागे न बघता म्हणाली. “केसपेपर बारापर्यंतच देतात.”