अगंचं बटण

पद्मनाभराव सरकारी कारखान्यातून निवृत्त झाले आणि वर्षाच्या आत त्यांच्या मेंदूत गुठळी झाली. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. यशवंतपूरच्या त्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये मग वीणाताईच दोघांचं बोलू लागल्या. तहान लागली का, कूस बदलू का, दुखतंय का. विचारायच्या त्याच आणि नवऱ्याच्या नजरेवरून उत्तर ताडायच्याही त्याच. निम्म्या वेळा चुकायचं. मग पद्मनाभराव डोळे मिटून घ्यायचे, आणि ते वीणाताईंना फार लागायचं.

लेक सिद्धी आयटीत. "बाबांच्या डाव्या हाताशी बटणं देऊ. बटण दाबलं की लॅपटॉप बोलेल. रविवारी करते," म्हणाली. आयटीवाल्यांच्या रविवारचा काय भरवसा! तीन-चार रविवार असेच गेल्यावर वीणाताईंनी पदर खोचला. "मलाच शिकव. स्वेटर विणता येतो, हे येणार नाही होय?"

शिकल्या. चष्मा पुसत, प्रोग्राममधले कंस विसरत, स्वतःवरच चिडत शिकल्या. पहिल्या खेपेला बटण दाबलं तर लॅपटॉप जो "पाणी, पाणी, पाणी" करत सुटला तो थांबेचना. आवाज वीणाताईंचाच, त्यांनीच रेकॉर्ड केलेला. पद्मनाभराव अर्ध्या तोंडाने हसले. आजारपणातलं ते पहिलं हसू.

"तेच तेच करत राहा म्हणालीस, याला लूप म्हणतात. पण थांबायचं कधी ते सांगितलंच नाहीस," सिद्धी म्हणाली. "त्याला स्वतःची अक्कल नसते गं. गडबड झाली की आधी आपण लिहिलेलं तपासायचं."

वीणाताईंनी ते मनात पक्कं धरलं.

पाणी, दुखतंय, कूस, टीव्ही अशी बटणं झाली. "अगं"चं बटण मात्र वीणाताईंनी कुणाला न विचारता केलं. उभ्या संसारात पद्मनाभरावांनी बायकोला नावाने हाक मारली नव्हती. "अगं" म्हणायचे, तेही एकदाच. ऐकू गेलं नाही तर स्वतः उठून पाणी घेतील, पण दुसरी हाक मारणार नाहीत, असा खाक्या. स्वयंपाकघरात ऐकू यावं म्हणून लॅपटॉप हॉलमध्ये ठेवला. दिवसातून दोन-तीनदा "अगं" यायचं, आणि वीणाताई हातातलं टाकून आत जायच्या. किती सुख वाटायचं त्यांना!

त्या दिवशी सिद्धी ऑफिसला गेली होती. वीणाताई चिंच कोळत होत्या. हॉलमधून "अगं" आलं. "आले हं," म्हणत त्या हात धुतात तोवर पुन्हा "अगं". मग पुन्हा. मग एकामागून एक.

वीणाताईंनी कपाळाला हात लावला. परत लूप! कालच त्यांनी एक नवं बटण घालताना दोन-तीन ओळी हलवल्या होत्या. पद्मनाभराव इतक्या हाका मारतील? छे, शक्यच नाही.

"अहो, माझंच काहीतरी चुकलंय, आत्ता नीट करते!" असं आतल्या खोलीकडे ओरडून सांगून त्या लॅपटॉपसमोर बसल्या. बोट ठेवून ओळ न ओळ वाचली. चूक सापडेना. त्यात स्वतःचाच आवाज कानाशी कोकलत होता. डोकं पिकलं नुसतं. शेवटी वैतागून त्यांनी प्रोग्रामच बंद केला. घर शांत झालं. त्यांना बरं वाटलं, अगदी खरंच बरं वाटलं.

"सिद्धी आली की बघू हं," म्हणत त्या आत गेल्या आणि दारातच थबकल्या. पद्मनाभराव घामाने निथळत होते. ओठ काळेनिळे पडले होते. डोळे दाराकडे लागलेले. डावा अंगठा तेच बटण दाबत होता, सोडत होता, पुन्हा दाबत होता. हॉलमधून काहीच आवाज येत नव्हता.

वीणाताईंची किंकाळी ऐकून शेजारचे रिक्षावाले मल्लाप्पा धावत आले. "अक्का, स्वल्प, जरा सरका," म्हणत त्यांनी पद्मनाभरावांना उचललं. दवाखान्याच्या दारात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

संध्याकाळी सिद्धी आईच्या कुशीत शिरून रडत होती. "आई, बाबांनी शेवटी काही सांगितलं का गं?"



"मला हाका मारत होते गं," वीणाताई म्हणाल्या. "मीच बंद केल्या."