आभाळात ठणकलेली दाढ

मी एक जुनी दाढ आहे, मित्रांनो. पवनी गावच्या रुचिकाच्या तोंडात, खालच्या डाव्या कोपऱ्यात राहते. ती आता नववीत आहे आणि मी तिच्या पहिलीपासूनची, म्हणजे मला जुनी म्हणायला काहीच हरकत नाही!

मी आले तेव्हा कुठलाच दात पडला नव्हता. सगळ्यांच्या मागे गुपचूप उगवले. त्यामुळे मी कायमची आहे हे घरात कुणाला कळलंच नाही. मला कीड लागली तेव्हा रुचिकाची आई म्हणाली, "दुधाची हाये, पडंल आपोआप." मी मात्र रोज ब्रशची वाट बघायची. तो समोरच्या दातांना भेटून परत जायचा.

तरी कामाला मी कधी नाही म्हटलं नाही. मुरमुरे, फुटाणे, ऊस, सगळं माझ्यावर! शिवाय घरी आबांचा हातमाग. आबा म्हणजे रुचिकाचे आजोबा, नंदलाल. त्यांच्या मागावर हातभार लावताना रुचिका धागा तोडायला कातरी शोधत बसत नसे, मलाच वापरायची. कट्! आबा खूश. "पोरीची दाढ हाये का कातरी!" एवढीच काय ती माझी तारीफ. पण मी फुगून जायची.

यंदा असाच धागा तोडताना माझा किडलेला कोपरा उडाला. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी वरून तात्पुरतं सिमेंट भरलं आणि बजावलं, "आतली नस खराब झाली आहे. पुढच्या आठवड्यात नक्की ये." पण दुखणं थांबलं, आणि रुचिकाची दिल्लीच्या भाषण स्पर्धेत निवड झाली. विषय, 'माझं गाव'. शाळेनं विमानाची तिकिटं काढली, सोबत आबा. मग दाढ कुणाच्या लक्षात राहणार? मी मधूनमधून टोचून बघितलं. पण ती आईला बोललीच नाही. बोलली असती तर आईनं जाऊच दिलं नसतं ना!

नागपूरहून विमान उडालं. रुचिका खिडकीला नाक लावून बसली. वर चढता चढता तिच्या मांडीवरचं चिवड्याचं बंद पाकीट टम्म फुगलं.

"आबा, हे पाहा जी!"

ती हसली, आणि हसू अर्ध्यातच थांबलं. जे पाकिटाचं झालं, तेच माझं झालं होतं. उंचावर विमानातल्या हवेचा दाबही कमी होतो, तशी सिमेंटखाली अडकलेली हवा माझ्या आत फुगू लागली. बाहेर पडायला वाट नाही. ती सरळ दुखऱ्या नसेवर रेटा देऊ लागली.

"काहून वं? काय झालं?"

"दाढ, आबा... आईले नका सांगू."

"आता इथून कसा सांगू? भाषणाचं पहिलं वाक्य म्हणून पाहा बरं."

"मी पव..." जबडा उघडेना. डोळ्यांतून घळाघळा पाणी. दुपारी स्पर्धा, आणि हिला गावाचं नावसुद्धा घेता येईना!

आबांनी हात हलवून हवाई सुंदरीला बोलावलं. "मॅडम, पोरीले लय ठणक लागली!"

"ठंड लगी? अभी लाती हूँ."

थरथरणाऱ्या रुचिकाच्या अंगावर तिनं शाल टाकली आणि हातात गरम पाणी दिलं. रुचिकानं घोट घेतला मात्र, मला ब्रह्मांड आठवलं!

"ठंड नाही वो माय, ठणक! ठणक!" आबा स्वतःच्याच गालावर बुक्क्या मारून दाखवू लागले. मागच्या सीटवरचे खुदकन हसले, पण तिला कळलं. तिनं बर्फ रुमालात बांधून आणला. गाल बधिर झाला, तरी आतला रेटा काही थांबला नाही. विमान उतरेपर्यंत रुचिकानं आबांचा हात पार पिळून काढला.

खाली आल्यावर हवेचा फुगा बसला, पण चिडलेली नस सुजून आतून रेटतच राहिली. तिथून थेट दातांचा दवाखाना.

"उपटून टाका, डाक्टरसाब," आबा म्हणाले. "दुधाचीच हाये."

ट्रेमध्ये चकचकीत चिमटा पडला होता. मित्रांनो, मी मुळांनी जबडा घट्ट धरला!

"नहीं बाबा, ये पक्की वाली है. गई तो दूसरी नहीं आएगी."

डॉक्टर म्हणाले, सिमेंट काढून वाट मोकळी करतो. आधी सुई देतो, पण ओठ संध्याकाळपर्यंत सुन्न राहील.

रुचिकानं विचारलं, "सुन्न ओठ से 'पवनी' बोल सकते क्या?"

डॉक्टरांनी ओठ मिटून 'प' म्हणून पाहिला आणि नकारार्थी मान हलवली.

"तो फिर सुई नको!"

तिनं खुर्चीचे दांडे आवळले. सिमेंट खरवडताना माझा जीव जातो की काय असं झालं. मग फुस्स! कोंडलेलं सगळं बाहेर आलं आणि रेटा एकदम ओसरला. रुचिका रडता रडता हसली.

दुपारी मंचावर ती उभी राहिली. गाल सुजलेला, वेणी सुटलेली. माईक तोंडाजवळ ओढला.

"मी पवनीची!"

एवढं ठणठणीत 'पवनी' मी कधी ऐकलं नव्हतं, आणि मी तर तिच्या तोंडातच राहते! बक्षीस नाही मिळालं. पण त्या वाक्याला आबांनी एकट्यानं वाजवलेल्या टाळ्या मला अजून ऐकू येतात.

परत आम्ही रेल्वेनं आलो. भंडाऱ्यात माझे उपचार पूर्ण झाले, डोक्यावर धातूची टोपीही बसली. मागाला आता दोरीनं कातरी टांगलेली असते.

मित्रांनो, तुमच्याही तोंडात मागे माझ्यासारखी कुणीतरी गुपचूप बसली आहे. आज ब्रश तिच्यापर्यंत न्या. दुखणं थांबलं म्हणजे बरं झालं असं समजू नका, आणि प्रवासाला निघण्याआधी डॉक्टरांना दाखवा. आम्ही एकदा गेलो की पुन्हा उगवत नाही. आणि तुमच्या गावाचं नाव ठणठणीत घ्यायचं असेल, तर आम्ही लागतोच!