कुलूपबंद केबिनसमोरची रांग

अकरा वाजले आणि सवयीप्रमाणे मालकांच्या केबिनबाहेर रांग लागली. केबिनला कुलूप होतं, हे सगळ्यांना दिसत होतं. पण म्हणून रांग मोडायची की नाही, हे विचारायचं कोणाला?

रांगेत पहिले होते मॅनेजर. पंपांच्या या दोनशे माणसांच्या कारखान्यात त्यांना बावीस वर्षं झाली होती. एवढ्या काळात त्यांनी स्वतः घेतलेला सगळ्यात मोठा निर्णय म्हणजे लग्न, आणि तोही आपणच घेतला असं बायकोचं म्हणणं होतं. ‘विचारून सांगतो’ हे वाक्य त्यांच्या तोंडी इतकं बसलं होतं, की कामगारांनी तेच त्यांचं नाव करून टाकलं होतं.

झालं होतं ते असं. कारखाना चांगल्या हातात द्यावा म्हणून मालकांनी त्याची किंमत काढायला एका सल्लागार बाईंना बोलावलं. बाई तीन दिवस फिरल्या आणि म्हणाल्या, “पंप उत्तम आहेत. पण उद्या तुम्ही जिन्यावरून पडलात, तर याला भंगाराचा भाव येईल.”

“मी जिन्यावरून पडत नाही,” मालक दुखावल्या सुरात म्हणाले.

“मग न पडता आठवडाभर घरी बसून दाखवा. फोनसुद्धा घ्यायचा नाही. तुमच्याशिवाय चालला, तर त्याला किंमत.”

आज त्या आठवड्याचा पहिला दिवस.

“साहेब, इथे काय उभे राहिलात?” टेस्टिंगवाल्या बाई तरातरा आल्या. “हॉस्पिटलच्या बारा पंपांतले तीन गळतायत.”

“किती गळतायत?”

“थेंब थेंब. पण गळतायत.”

पंप उद्या हॉस्पिटलच्या नव्या इमारतीत बसायचे होते. ट्रक फाटकात उभा होता आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवून सगळ्यांना त्याची आठवण करून देत होता. मॅनेजरांनी चष्मा पुसला. घातला. पुन्हा पुसला.

“मालकांनी एकदा असे पाठवले होते,” डिस्पॅचवाला म्हणाला.

“आणि एकदा थांबवले होते,” स्टोअरकीपर म्हणाला.

दोघांचंही खरं होतं. मॅनेजर जिन्यापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. शेवटी जिन्याखाली उभं राहून त्यांनी चोरासारखा मालकांच्या घरी फोन लावला.

“भाऊजी, ते घरी नाहीत,” मालकीणबाई म्हणाल्या.

“कोण आहे? काय बिघडलंय?” मागून मालकांचा आवाज आला. “नाही, नको, मला सांगू नकोस!”

“ऐकलंत ना? नाहीत ते घरी. सकाळपासून नाहीत आणि नुसते येरझाऱ्या घालतायत. ठेवते.”

मॅनेजर टेस्टिंगला गेले. आज मालक असते तर काय म्हणाले असते, याचा अंदाज बांधत त्यांनी गळक्या पंपाखाली बोट धरलं. बोटावर थेंब पडला. मग दुसरा. मालक काय म्हणाले असते याच्याशी त्या पाण्याला काही देणंघेणं दिसत नव्हतं.

“ट्रक रिकामा सोडा,” ते म्हणाले. “बाराही पंप उघडा.”

“बाराही?” डिस्पॅचवाल्याने कागद पुढे केला. “सही द्या बाबा. उद्या माझं डोकं नको फुटायला.”

सहीच्या जागी ‘मालकांकरिता’ असं छापलेलं होतं. मॅनेजरांनी ते खोडलं आणि खाली सही केली. मग स्वतः हॉस्पिटलच्या इंजिनिअरला फोन केला. “पंप उद्या मिळणार नाहीत. परवा देतो. चूक आमची आहे.” पलीकडच्याने यथेच्छ तोंडसुख घेतलं. मॅनेजरांनी ते उभ्याने ऐकलं. शेवटी पलीकडून आवाज आला, “बरं. परवा दुपारच्या आत.” तेव्हा कुठे ते स्टुलावर टेकले. पण तिथेही बूड ठरेना, म्हणून बाह्या सरसावून तेही पंप उघडायला बसले.

साडेतीनला मालक आले. “या बाजूने चाललो होतो, म्हटलं डोकावावं,” ते म्हणाले. त्यांचं घर कारखान्यापासून पाऊण तास लांब होतं.

रांग लागली नाही. सगळे पंपांवर वाकलेले होते. मालक या टेबलापाशी गेले, त्या टेबलापाशी गेले, एक पाना उचलला, परत ठेवला.

“काय झालंय?”

“बाराहींचं रबरी सील नव्या लॉटचं आहे, साहेब, जरा बारीक भरतंय. जुनं बसवतोय.” मॅनेजरांनी मान वर केली नाही.

“हॉस्पिटलला…”

“कळवलंय.”

“मग मी काय करू?”

मॅनेजरांनी आता मान वर केली. हे त्यांना बावीस वर्षांत कोणी विचारलं नव्हतं.

“ती बॅटरी धरता का? आतलं दिसत नाहीये.”

मालकांनी बॅटरी घेतली.

“थोडं डावीकडे, साहेब. हां. आता हलवू नका.”

मालकांनी दुसऱ्या हाताने आपलंच मनगट घट्ट धरलं आणि उजेड सांगितला होता तिथेच ठेवला.