पाचवा पंच पेलिकन

कोणी विश्वास ठेवणार नाही, पण ऑस्ट्रेलियातला एक अख्खा जिल्हा मी सिडनीच्या ब्लॅकटाउनमधल्या सोफ्यावर बसून सव्वीस दिवस चालवला आहे.

दोन हजार एकवीसचा ऑगस्ट, कोरोनाचा लॉकडाउन. घराबाहेर फिरायला दिवसातून एक तास मुभा. मुलगा निनाद पार पश्चिम किनाऱ्यावर, वाळवंटातल्या मिठाच्या कारखान्यात इंजिनियर. इकडे आला तर त्याला तिकडच्या राज्यात पुन्हा आत घेणार नाहीत आणि व्हिसा त्याच नोकरीवर. शनिवारी त्याच्या लेकीचा, स्वरदाचा, आठवा वाढदिवस. म्हणून त्याने इकडे येऊन पुन्हा कामावर परत जाण्याची खास परवानगी मागितली होती. ती नाकारली गेली. मी आणि स्वरदा फिरायला निघालो तेव्हा सून मिताली हळूच म्हणाली, "आजोबा, तुम्हीच सांगा तिला. माझ्याच्यानं नाही होणार."

मी बारामतीच्या तहसील कचेरीतला रिटायर्ड अव्वल कारकून. कचेरीत 'नाही' असं तोंडावर कोणी सांगत नाही. हद्दीचा प्रश्न काढायचा असतो.

"तुझ्या बाबाच्या जिल्ह्याचा कलेक्टर आजारी पडला," मी पार्कच्या कोपऱ्यावर सुरू केलं, "म्हणून चार्ज माझ्याकडे. फोनवरून."

"आजोबा, काहीही!"

"ऐक तर. पश्चिमेला समुद्र, पूर्वेला लाल वाळू, मधे तीनशे किलोमीटरचा रस्ता आणि त्याला वळण एकच. तेसुद्धा रस्ता आखणाऱ्याला शिंक आली म्हणून. नदी आहे, पण ती फक्त नकाशात वाहते. उंट गुडघाभर समुद्रात उभे राहून पाय शेकतात."

"थंड पाण्यात कोण शेकतं?"

"वाळूच इतकी तापते, की समुद्र चहासारखा होतो. बाकी वस्ती चार माणसं. पोस्टातली बाई, पेट्रोल पंपवाला, पोलीस आणि तुझा बाबा."

ती हसली. मग माझा हात धरून म्हणाली, "मग बाबाला सोड ना, सॅटर्डेला."

आलं ते. मी मास्क नाकावर सरकवला.

"सोडायचं तर पंचनामा लागतो. पंच पाच. अर्ज बाबाचा, म्हणून त्याला पंच होता येत नाही. उरले तीन. चौथा म्हणून उंटाचा अंगठा घेतला."

"उंटाला अंगठा नसतो!"

"म्हणून तर दोन दिवस लागले. पाचवा पंच पेलिकन, तो चोचीला पिशवी असलेला पक्षी. शाईत पाय बुडवून त्याने असा सुरेख शिक्का दिला, की माझ्या कचेरीत कोणाची सही तशी नव्हती. कागद तयार झाला. अगदी तयार, बरं का."

घर दिसायला लागलं. मी चाल मंद केली; तिनेही केली.

"मग वारा सुटला. ज्या वाळूच्या टेकडीवर जिल्ह्याच्या हद्दीचा दगड होता, ती टेकडी एका रात्रीत तीन किलोमीटर चालत शेजारच्या जिल्ह्यात गेली. बाबाची खोली दुसऱ्या हद्दीत. आता माझा कागद तिथे चालत नाही. पेलिकनही हळहळला. कोणाचीच चूक नाही गं. वाळूच ती. म्हणून शनिवारी..."

माझा आवाज जरा घोगरा झाला. मास्कमुळे होतं तसं.

स्वरदा थांबली. खाली वाकून तिने माझ्या बुटाची सुटलेली नाडी बांधली, दोन गाठी मारून.

"आजोबा, दॅट्स अ लाय," ती म्हणाली. "सँड एका रात्रीत एवढी नाही चालत. त्यांनी नो म्हटलंय. बाबाने मला संडेलाच सांगितलं. आणि म्हणाला, आजोबांना इतक्यात सांगू नकोस, ते तुझा केकसुद्धा खाणार नाहीत."